पहिली वाटी

फोटोतल्या माणसाने तिला पाणी दिलं. म्हणजे पाणी दिलं तेव्हा तो फोटोतला नव्हता. घुग्घुसच्या धरमकाट्यावर, जिथे भरलेले ट्रक तोलतात, पत्र्याच्या खोलीत बसून ट्रकांचे नंबर लिहिणारा, केसांत सिमेंटची भुकटी बसलेला एक पोरगा होता, एवढंच. रविवार असूनही ट्रकांची रांग लागली होती. नवरा प्रेमिलाला आणि लेकीला, आचलला, काट्याजवळच्या थांब्यावर सोडून पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आत मोटारसायकल दामटत गेला होता, आणि तो नजरेआड झाल्यावर दोन मिनिटांतच आचलने पाणी मागितलं. प्रेमिलाने पिशवीत हात घातला, पुन्हा चाचपला. बाटली घरी ओट्यावर राहिली होती. कुलूप लावताना तिने स्वतःला दोनदा विचारलं होतं, बाटली घेतली काय, गॅस बंद केला काय. आणि दोन्ही वेळा उत्तर न देताच कुलूप लावलं होतं. "भाऊ, पोरीले थोडसं पानी पाह्यजे होतं," ती खिडकीशी जाऊन म्हणाली. "या ना ताई. पन आधी त्या लोखंडावरून बाजूले व्हा. तुमचं वजन चढून राह्यलं काट्यावर." तिने खाली पाहिलं. ती आणि आचल काट्याच्या पट्ट्यावर उभ्या होत्या, आणि खिडकीच्या आत लाल आकड्यांत साठ लिहून आलं होतं. साठ. दोघी मिळून. आपण एवढ्याच भरतो याचं तिला उगाच ओशाळल्यासारखं वाटलं. पोरगा हसला, आणि हसताना त्याच्या पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा दिसला, आणि स्टीलचा ग्लास आचलच्या ओठांशी धरलेला प्रेमिलाचा हात तिथेच राहिला. आचल प्यायली, तोंड पुसून "अजून" म्हणाली. प्रेमिलाला ऐकूच आलं नाही.

तो दात तिला पाठ होता. गेला महिनाभर तो दात तिच्या माहेरी, सावली गावाजवळच्या त्या तीन खोल्यांच्या घरात, देवाच्या फोटोसारखा हातोहात फिरत होता. नागपूरच्या पुढे कुठे तरी उघडलेल्या त्या खाजगी विद्यापीठाचं माहितीपुस्तक धनराजने आणलं होतं: गुळगुळीत कागद, उघडलं की रंगाचा वास, आणि तिसऱ्या पानावर उजवीकडे खाली टाय लावलेला, हसणारा, दाताचा कोपरा तुटलेला एक मुलगा. खाली नाव, स्वप्निल, आणि त्याखाली: पहिला पगार दरमहा अठरा हजार. धनराज तिचा पाठचा भाऊ. बारावीला बावन्न टक्के, सरकारी कॉलेजच्या यादीत नाव कुठेच नाही. बाबांनी ते पान धनराजकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की शेवटी ते वाचायच्या आधीच मान हलवायचे. "या पोराचा दात पाह्य," ते म्हणायचे, "आपल्यासारखाच कोन्या गावचा दिसते. मोठ्या घरचा असता तं दात बसवून घेतला असता." त्या तुटलेल्या कोपऱ्यावर बाबांचा सगळा विश्वास बसला होता. मग बाबांनी ते बँकेच्या पावतीसकट सहीसाठी तिच्याकडे पाठवून दिलं होतं, आणि आता, या क्षणी, ते प्रेमिलाच्या पिशवीत होतं. त्याच्या पानांत तिने सही केलेली, पैसे काढायची पावती होती. कालव्यात गेलेल्या धानाच्या बांधीचा मोबदला, तीन लाख चाळीस हजार, बाबांच्या आणि तिच्या नावावर जोडीने ठेवलेला होता, कारण "शिकेल पोरीचं नाव पाह्यजे कागदावर." दोघांच्या सह्या लागत. मंगळवारी प्रवेशाची शेवटची तारीख, उद्या बँक उघडणार, आज ती सही घेऊन निघाली होती.

तिने पुस्तक काढलं. काढू नये असं वाटत असताना काढलं. "हे तुमीच काय, भाऊ?" त्याने पान पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पान. ट्रक काट्यावर चढला तशी खोली थरारली. त्याने आधी ट्रकचा आकडा लिहिला, पावती फाडली, क्लीनरच्या हातात दिली. मग म्हणाला, "हाव, मीच. टाय मातर माहा नोहोय. एकच टाय होता, तिघांनी वारीवारीनं घातला." तो पुन्हा हसला, आणि प्रेमिलाला वाटलं, हा हसला नसता तर बरं झालं असतं, मग मी ओळखलंच नसतं, मग बस आली असती. "मंग अठरा हजार?" "पत्र आलतं ना. खोटं नाई ते. पुण्याच्या कंपनीचं. मंग दुसरं पत्र आलं का पुढल्या महिन्यात या. मंग तिसरं काई आलं नाई." "वर्गात किती होते तुमी?" "दोनशे चाळीस. पत्र आलं तिघाले." "आन् बाकीचे?" "बाकीचे फोटोत नाई," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "आन् इथी काय भेटते?" "अठराशे. एक शून्य ट्रकखाली दबलं माहं."

ती हसली नाही. तिच्या कानांत काट्याचं लोखंड वाजत होतं आणि जिभेवर, स्वतः पाणी न पिताही, त्या ग्लासाची धातूसारखी चव आली होती. त्याच्या टेबलावर एका कोपऱ्यात कागदाच्या घडीवर अर्धी पोळी होती, तिच्यावरही भुकटी. ती नको त्या वेळी असल्या गोष्टी पाहते असं नवरा म्हणायचा; "तुह्या डोयाले सुट्टीच नाई." तिने विचारलं, "मंग तुमी त्याईले सांगतलं नाई, का फोटो काढून टाका म्हनून?" पोरग्याने पेन कानामागे खोचलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. "काढून काय करू, ताई? घरी तेच पान फाडून भितीले लावून हाये. बाप सकायी उठला का आधी तेच पाह्यते. त्याले वाटते, पोरगा सिमेंटात इंजिनेर हाये." त्याने बाही झटकली, पांढरी धूळ उडाली. "सिमेंटात तं हावोच ना मी." मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी तिने पुस्तक काढलं होतं. "माह्या भावाले टाकू काय तिथी?" त्याने लाल आकड्यांकडे पाहिलं. त्या वेळी काटा रिकामा होता, आकड्यांत नुसतं शून्य होतं. "मले नोका विचारू, ताई," तो म्हणाला, "मी नोको म्हनलो तं माह्या बापाले काय सांगू?" आणि मग एकदम घाईने, "तुमची गाडी आली पाहा."

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. आचल मांडीवर झोपून गेली, डोकं घामाने ओलं. प्रेमिलाला वाटलं होतं की आपण आता हिशेब करू. तिला हिशेब यायचा, ती बी.एस्सी. होती, गणित दुसरा विषय. चार वर्षांची फी तीन लाख बारा हजार, भागिले अठरा हजार, सतरा महिने आणि दहा दिवस. "दीड वर्सात पैसा वापस," बाबा बोटांवर मोजत म्हणायचे. तीन लाख बारा हजार, भागिले अठराशे. चौदा वर्षं आणि वर काही महिने, तेही धनराजने काही खाल्लं नाही, कपडे घातले नाहीत, लग्न केलं नाही तर. पण आकडे तिच्या डोक्यात टिकत नव्हते. सारखं तेच येत होतं: एकच टाय होता. भिंतीवर चिकटवलेलं पान सकाळी उठून पाहणारा कुणाचा तरी बाप येत होता, आणि थोड्या वेळाने त्याचं तोंड तिच्या बाबांसारखं होऊ लागलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून धनराजचा विचारच करत नाही आहोत. आपल्याला भीती वाटते ती वेगळीच. चंद्रपूरला गाडी बदलली, मूलच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना झाडांचा गारवा आत आला. ती गोष्ट तिच्या मागे बसली होती. सहा वर्षं बसलीच होती.

सहा वर्षांपूर्वी लग्नानंतर ती घुग्घुसच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवायला लागली. पगार सातशे. सही एक हजार चारशेवर करायची, हातात सातशे यायचे. सगळ्याच बाया तसं करत, कुणी बोलत नसे. त्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा बाबा तलावाच्या मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर बसले होते. सगळी मासेमारी करणारी ढिवर मंडळी होती, लच्छूभाऊ होते, सुकलूकाका होते, जाळी दुरुस्त करत होते. तालुक्यात त्यांच्या समाजातली ती पहिली बी.एस्सी. मुलगी. बाबांनी ओट्यावरूनच मोठ्याने विचारलं, "बाई, किती देते वं तुही शाळा?" जाळ्यात फिरणाऱ्या सुया थांबल्या. आणि त्या थांबलेल्या सुयांकडे पाहत तिच्या तोंडून गेलं, "अडीच हजार." का अडीच? दोन म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने सातशेच सांगायचे होते. ओठांपर्यंत सातशेच आलेले होते. लच्छूभाऊ म्हणाले, "अडीच हजार! सालभर जाळं फेकून आमच्या हाती येत नाई बावा एवढं. लटारू, पोरगी पावली तुले." बाबांनी जाळ्याची गाठ आवळली, जास्तच आवळली. पुढे आचल झाली, तिने शाळा सोडली, तर बाबा आठवडाभर धड जेवले नाहीत असं आईने सांगितलं. "अडीच हजाराची नोकरी सोडली पोरीनं." त्यांना वाटलं नवऱ्याने सोडायला लावली. दोन वर्षं ते जावयाशी तुटक बोलले, आणि जावयाने ते ऐकून घेतलं, कारण त्याला खरा पगार माहीत होता आणि बायकोचं खोटंही. "तुमच्या घरची गोष्ट, मी काऊन बोलू," एवढंच तो म्हणायचा.

आणि महिन्यापूर्वी, पुस्तक आलं त्या दिवशी, आई म्हणाली होती, "अठरा हजार कोन देते वो पोट्ट्याले? मले तं काई समजत नाई," तेव्हा बाबा प्रेमिलाकडे बोट करून म्हणाले होते, "काऊन नाई देनार? बी.एस्सी.ले अडीच देते शाळेत, तेही सहा सालाआधी. तं बी.ई.ले कंपनी अठरा देनार नाई?" त्या वेळी प्रेमिला आचलला भात भरवत होती. घास हातात होता. तिने मान हलवली नव्हती, पण नाही असंही म्हटलं नव्हतं. घास आचलच्या तोंडात गेला होता आणि ते वाक्य तसंच घरात राहिलं होतं, पक्कं, भिंतीसारखं. आता बसच्या खिडकीतून झाडं मागे पळताना तिला सगळं एकदम दिसलं. पुस्तकावर कुणाचाच विश्वास नव्हता. पुस्तकावर कोण विश्वास ठेवतं? बाबांनी त्या गुळगुळीत पानाला तिच्या अडीच हजारांनी मोजून पाहिलं होतं, आणि ते बरोबर भरलं होतं. काट्यावरच्या पोराचं निदान पत्र तरी आलेलं होतं.

गावात उतरली तेव्हा घरी कुणीच नव्हतं. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "समदे तलावावर गेले, बाई. आज बीज येनार हाये ना." ती विसरलीच होती. ऊन उतरायला आलं होतं. आचलला कडेवर घेऊन ती तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, चालत गेली. पाण्याचा, शेवाळाचा, ओल्या जाळ्यांचा तो वास आला तशी ती नकळत लहान झाली. काठावर बीजवाल्याचा टेम्पो उभा होता. मोठ्या हंड्यांमध्ये पाणी आणि पाण्यात बोटुकली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं, रोहू आणि कतला, हजारोंनी. बीजवाल्याचे दोन गडी हातांनी पाणी थापटत होते, कारण थापटणं थांबलं की बीज गुदमरून वर येतं. धनराज कमरेइतक्या पाण्यात उभा होता, सोडलेलं बीज आत जावं म्हणून काठाची घाण बाजूला सारत. त्याने तिला पाहून हात वर केला. "ताई, आनली काय सही?" त्याचा आवाज एवढा मोकळा होता की प्रेमिलाने नुसतीच मान डोलावली, आणि ती मान डोलावल्याबद्दलही तिला मागाहून लाज वाटली.

"आली माही मोजनारी," बाबा म्हणाले. बाबा म्हणजे लटारूभाऊ, सोसायटीचे जुने सभासद, साठीला टेकलेले, अजूनही धोतर गुडघ्यावर खोचून पाण्याकाठी उकिडवे बसणारे. बीजवाला म्हणाला, "भाऊ, मी मोजून देतो ना पटकन. तुमचा भरोसा नाई काय माह्यावर?" "भरोसा हाये म्हनूनच माही पोरगी मोजन," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. हे दरवर्षीचं होतं. हजारो बोटुकली कुणी एकेक मोजत नाही. एक वाटी मोजायची; तिच्यात जेवढी निघाली त्याला वाट्यांनी गुणायचं, तेवढ्याचे पैसे. म्हणून सगळा जीव त्या पहिल्या वाटीत. प्रेमिला नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला हे शिकवलं होतं, पांढऱ्या जर्मनच्या ताटात बोटुकली ओतून, शिंपल्याने एकेक बाजूला सारत. "पह्यली वाटी बीजवाल्याच्या हातानं बुडवू द्याची नाई, बाई. तो पानी निथळून दाबून भरते. त्या वाटीत चारशे निघते. मंग बाकीच्या वाट्या पान्यानं भरून देते, त्याच्यात अडीचशेही नसते. पन पैसे चारशेनं मोजा लागते. पह्यली वाटी खोटी, का समदा तलाव खोटा." आणि तेच बाबा, जे हजार बोटुकली टाकली तर तीनशे मासे हाती लागतात हे अंगठ्यावर लिहिल्यासारखं जाणत होते, त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की त्या पुस्तकातल्या वर्गात दोनशे चाळीसांतून किती निघाले. कशाला विचारतील? पहिली वाटी त्यांच्या स्वतःच्या पोरीने मोजली होती.

बाबांनी वाटी बुडवली, वर धरली, हलकेच ताटात ओतली. आचल वाकून बघू लागली. "मासोय्या!" ताटात काळ्या रेघा पळत होत्या, कडेला आपटून वळत होत्या. प्रेमिलाने शिंपला हातात घेतला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. पन्नासपर्यंत मोठ्याने, मग मनात. गडी पाणी थापटत होते, थप थप थप, आणि त्या आवाजात तिला काट्याचं लोखंड ऐकू येत होतं. एकशे बारा. एकशे तेरा. आज नाही सांगितलं तर उद्या बँक, परवा प्रवेश. चार वर्षांनी धनराजही कुठल्या तरी खिडकीत बसेल आणि कुणाला तरी पाणी देईल. आणि सांगितलं, तर हा ओटा, या सुया, सहा वर्षं. एकशे तीस. सातशे. तिने आकडा चुकवला. तिने कधीच आकडा चुकवला नव्हता. शिंपला ताटाच्या कडेला वाजला.

"काऊन वं? भुलली काय?" बाबा म्हणाले. "नाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "बाबा, मले शाळेत सातशे भेटत होते."

बाबांना आधी समजलंच नाही. "कोनत्या शाळेत?" "माह्या शाळेत. अडीच हजार नोहोते. सातशे होते. मी तुमाले खोटं सांगतलं, ओट्यावर." लच्छूभाऊ पलीकडे बिडी पेटवत होते, काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली. "आन् तो पुस्तकातला पोरगा, तुटक्या दाताचा, तो मले सकायी भेटला. घुग्घुसले काट्यावर बसते. अठराशे घेते. दोनशे चाळीसाइतून तीन झनाले पत्र आलतं, आन् त्याईलेही नोकरी भेटली नाई." तिला वाटत होतं आता थांबावं, पण ती मोजत असल्यासारखी बोलत गेली, एकापुढे एक. "तुमी माह्या पगारावर मोजलं, बाबा. मी बोलली नाई."

पाण्यातला धनराज थांबला होता. त्याच्याभोवतीच्या लाटा काठाला लागून मोडल्या आणि मग काहीच हललं नाही. बीजवाला कुठे तरी दुसरीकडे पाहायला लागला. बाबांच्या तोंडावर राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं, अंधारात घरातल्याच उंबरठ्याला ठेच लागल्यावर माणूस क्षणभर होतो तसं त्यांचं तोंड झालं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते ताटाकडे पाहत होते, त्यात पळणाऱ्या काळ्या रेघांकडे. "सातशे," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "आन् मी जावयाशी दोन सालं धड बोललो नाई." आचल म्हणाली, "आबा, मासोय्या मरते ना?" कारण थापटणारे गडीही थांबले होते आणि हंडीत बीज वर यायला लागलं होतं, तोंडं उघडून.

"थापटा रे," बाबा ओरडले. गडी दचकून हात चालवू लागले. मग बाबांनी ताट दोन्ही हातांनी उचललं, वाकले आणि अर्धवट मोजलेलं बीज हंडीत परत ओतलं; एकही बोटुकली ताटाला चिकटून राहू नये म्हणून वरून ओंजळीने पाणी फिरवलं. पिशवीतलं पुस्तक त्यांनी मागितलं नाही, सहीचंही नाव काढलं नाही. "धनराज," ते म्हणाले, "बाहीर ये. इथी बस, तुह्या बहिनीजवळ. तुह्या डोयासमोर मोजन ते." धनराज पाणी निथळत काठावर आला आणि प्रेमिलाच्या शेजारी, अंग तिला लागणार नाही इतक्या अंतरावर, बसला. बाबांनी वाटी हंडीत बुडवली, वर काढली, ताटात ओतली आणि ताट दोघांच्या मध्ये सरकवलं.

"पुन्ना मोज," ते म्हणाले.

प्रेमिलाने शिंपला उचलला. डोळ्यांपुढे सगळं पाणीच झालं होतं, रेघा एकमेकींत मिसळत होत्या. तिने पापण्या मिटून उघडल्या, आणि त्यातली एक रेघ हलकेच बाजूला सारली.

"एक," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.